जुन्या रायडिंग जॅकेटच्या जागी नवं घेताना: कोकणातल्या हवेत नीट बसणारं माप

कोकणात रायडिंग जॅकेट घेताना बरेच जण एक साइझ मोठं घेतात. कारण एकच: उकडतं. सैल असलं की हवा खेळेल असा हिशोब. पण जॅकेटमधला आर्मर, म्हणजे खांद्याच्या वाट्या, कोपराचे कप आणि पाठीचं पॅड, जागच्या जागी राहिला तरच कामाचा. गाडी घसरून पडलात की सैल बाही रस्त्यावर घासताना मनगटाकडून वर सरकते, नाहीतर हाताभोवती गोल फिरते. कोपराचा कप आतल्या बाजूला जातो आणि डांबरावर घासतं ते तुमचं हाड. म्हणून जॅकेट बदलताना कापड, कंपनी, रंग यांच्या आधी माप. हवेचा बंदोबस्त जाळीने आणि व्हेंटने, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या फटींनी करायचा, साइझ वाढवून नाही.

आधी जुनं जॅकेट उलटं करा

सगळा आर्मर काढा, जॅकेट आतून बाहेर करून उजेडात पलंगावर पसरा. ते बदलायची खरंच गरज आहे का, आणि नवं कसं हवं, ही दोन्ही उत्तरं त्यातच सापडतात.

आपल्या दमट हवेत सगळ्यात आधी जातो तो कापडाच्या आतल्या बाजूचा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा थर. आधी तो चिकट लागतो, मग त्याचे पापुद्रे निघून टी-शर्टवर पांढरा चुरा दिसायला लागतो. पाणी अडवायचं काम तिथेच संपलं, आणि यावर दुरुस्ती नाही. पाणी अडवणारं आतलं अस्तरही असंच थराथराने सुटतं. पावसाळाभर कपाटात घडी घालून ठेवलेल्या जॅकेटचं हे हमखास होतं.

खांद्यावरचा रंग उन्हाने उडालाय आणि कापड हाताला कागदासारखं कुरकुरीत लागतंय, तर त्याची ताकद गेली असं धरा. जॅकेट घालून एकदा जोरात पडला असाल तर खांदा, कोपर आणि कमरेच्या बाजूच्या शिलाया आतून बघा. धागा ताणून टाके उघडे पडले असतील किंवा कापड घासून पातळ झालं असेल, तर ते जॅकेट त्याचं काम करून मोकळं झालं. बाहेरून ठिगळ लावून भागत नाही. कोपराचा आर्मर दोन्ही हातांनी वाकवून बघा. कडेला भेगा, कडकपणा किंवा फोमचा चुरा दिसला की तोही बाद. असा आर्मर नव्या जॅकेटात घालू नका.

उलट चेनचा रनर अडकणं, वेल्क्रो धरत नसणं, बाहीचं इलास्टिक सैल होणं, एवढ्यासाठी जॅकेट टाकायचं कारण नाही. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जाड कापडाचं मशीन असतं, तो हे करून देतो.

जुनं टाकायचंच ठरलं, तर टाकण्यापूर्वी त्याचं ऐका. कमरेचा पट्टा कायम शेवटच्या टोकापर्यंत आवळून वेल्क्रो तिथेच झिजलाय? मग साइझ मोठी होती. पोटावरची चेन खालच्या दहा-बारा सेंटिमीटरात लाटेसारखी वाकडी झालीय? तिथे ताण येत होता. सगळ्यात उपयोगी खूण कोपराची. अस्तरावर कोपराच्या टोकाने घासून गुळगुळीत झालेली जागा असते. आर्मर परत खिशात घाला आणि ती जागा कपच्या मध्यावर येते का बघा. ती कपच्या वरच्या कडेपाशी आली असेल, तर आर्मर तुमच्या हातावर खाली उतरून बसत होता, म्हणजे बाहीचा दंडाचा भाग तुम्हाला लांब पडत होता. त्याच कंपनीची तीच साइझ पुन्हा मागवण्याआधी हे बघितलेलं बरं.

मापं

शिंप्याची कापडी टेप आणि धरायला दुसरं माणूस. स्वतःची मापं स्वतः घेतली की हात वर होतो आणि आकडा चुकतो. अंगात तेच ठेवा जे गाडीवर जॅकेटखाली घालणार, म्हणजे पातळ टी-शर्ट किंवा फुल बाह्यांचा लायक्रा. सगळं सेंटिमीटरमध्ये लिहा.

छातीचं माप काखेखालून, सगळ्यात रुंद भागावरून, श्वास नेहमीसारखा चालू असताना. पोटाचं माप बेंबीवरून, आणि ते दोनदा घ्यायचं: एकदा उभं राहून, एकदा गाडीवर बसून. बसल्यावर आकडा वाढतो, आणि चेन लागायची आहे ती बसलेल्या पोटावर. दंडाचं माप मूठ आवळून. पाठीचं माप मानेमागे हाताला लागणाऱ्या उंच मणक्यापासून पट्ट्यापर्यंत, तेही बसून आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करून.

बाहीसाठी कोपर काटकोनात वाकवा. मानेच्या त्याच मणक्यापासून खांद्याच्या हाडावरून, कोपराच्या टोकावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप न्या. मधले दोन आकडेही वेगळे लिहून ठेवा: खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत, आणि कोपरापासून मनगटापर्यंत. दोघांची बाही एकूण सारखी भरली तरी एकाचा दंड लांब आणि दुसऱ्याचा पुढचा हात लांब असू शकतो. एकाच जॅकेटात एकाचा कप कोपरावर बसेल, दुसऱ्याचा कोपराखाली उतरेल.

साइझ चार्टवर आधी एक गोष्ट बघा: आकडे अंगाचे आहेत की कपड्याचे. कपड्याचे असतील तर ते अंगापेक्षा साहजिकच मोठे असणार. तिथे छाती १०२ आहे म्हणून १०२ चं जॅकेट घेतलंत तर चेन लागणार नाही. युरोपी आकडा असेल तर पुरुषांच्या जॅकेटला तो छातीच्या निम्मा असतो. ५० म्हणजे छाती १०० सेंटिमीटर. अमेरिकी ४० म्हणजे छाती ४० इंच, जवळपास तेच. एल, एक्सएल या अक्षरांवर मात्र अजिबात विसंबू नका. एका कंपनीचं एल दुसरीच्या एमएवढं निघतं.

अडचण येते ती छाती एका साइझमध्ये आणि पोट दुसऱ्या साइझमध्ये बसतं तेव्हा, आणि चाळिशीनंतर हे बहुतेकांचं होतं. एका साइझचा फरक असेल तर छातीची साइझ घ्या, पण ज्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना पट्टे किंवा उघडणाऱ्या चेन आहेत असं मॉडेल निवडा. फरक त्याहून मोठा असेल तर पोटासाठी मोठं घेऊन खांदे लोंबकळू देऊ नका. मॉडेलच बदला. सरळ कटची टूरिंग जॅकेट पोटाला सोसतात, स्पोर्ट कटची सोसत नाहीत. बायकांनी पुरुषांचं लहान साइझचं जॅकेट घेऊन भागवू नये. छातीपाशी ते आवळतं, मग वरची साइझ घ्यावी लागते, आणि खांद्याच्या वाट्या दंडावर उतरतात. बायकांच्या कटमध्ये छातीला आकार आणि कमरेखाली घेर दिलेला असतो.

अंगात घातल्यावर

आरशासमोर उभं राहून जॅकेट छान दिसणं याला फारसा अर्थ नाही. उभं असताना बाही अंगठ्याच्या बुडापर्यंत लांब आणि पुढचा भाग थोडा आखूड वाटला तर ते बरोबर आहे, कारण जॅकेट बसलेल्या माणसासाठी कापलेलं असतं. चाचणी गाडीवर बसूनच घ्यायची, आणि तीही स्वतःच्या. बुलेटवर पाठ सरळ राहते, पल्सर एनएस किंवा आर-१५ वर पुढे झुकते, स्कूटरवर हात जवळ येतात. एकच जॅकेट या तिन्हींवर वेगवेगळं बसतं.

आतली अस्तरं, म्हणजे थर्मल आणि रेन लायनर, काढून ठेवा. बरीच जॅकेट लायनर घातलेल्या अवस्थेत विकायला येतात आणि तशीच घालून बघितली जातात. कोकणात थर्मल लायनर वर्षातले मोजके दिवस लागतं. ते काढलं की जॅकेट ढिलं पडतं, आणि उरलेले महिने तुम्ही ढिल्या जॅकेटातच गाडी चालवता.

चेन गळ्यापर्यंत लावा, सगळे पट्टे बांधा, हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज घाला आणि पंधरा मिनिटं बसून राहा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. काखेत कापड रुततं का? हात पुढे गेल्यावर पाठीवर ताण येऊन बाही मनगट उघडं टाकते का? ग्लोव्हची कड आणि बाही निदान पाच सेंटिमीटर एकमेकांवर यायला हव्यात. मान वळवून मागे बघा. कॉलर हेल्मेटच्या बुडाला अडत असेल किंवा खांद्याच्या वाट्या उभ्या राहून हेल्मेटला टेकत असतील तर जॅकेट मोठं आहे. कॉलर आणि गळा यांत दोन बोटं सहज जावीत.

आता कोपर. हात हँडलवर असू द्या आणि दुसऱ्या माणसाला कपच्या दोन्ही कडा बाहेरून चिमटीत धरून आधी मनगटाच्या दिशेने, मग खांद्याच्या दिशेने ओढायला सांगा, आणि शेवटी हाताभोवती फिरवायला सांगा. लाज न बाळगता जोर लावायचा. रस्ता याहून जोरात ओढतो. कप एखाद-दोन सेंटिमीटर हलला तर चालेल. कोपराचं टोक कपच्या बाहेर आलं, तर आधी दंडाचे आणि पुढच्या हाताचे पट्टे आवळून परत बघा. तरीही निसटलं तर ते जॅकेट तुमचं नाही. कप नुसता वर-खाली चुकत असेल तर आर्मरच्या खिशाची जागा बदलता येते का ते तपासा. काही जॅकेटात हा खिसा वेल्क्रोवर असतो आणि दोन-तीन सेंटिमीटर सरकतो. कपची लांब बाजू मनगटाकडे हवी. धुतल्यावर आर्मर उलटा घातला जाणं ही नेहमीची चूक आहे.

खांद्याची वाटी हाडाच्या बाहेरच्या टोकावर मधोमध बसली पाहिजे, गळ्याकडे नाही आणि दंडाकडेही नाही. पाठीसाठी मागची कड धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा. पॅड मानेपर्यंत चढत असेल तर जॅकेट एक तर सैल आहे, नाहीतर खाली कशाला अडकवलेलं नाही. पँटला जोडायची चेन असेल तर ती वापरा. जीन्सवर घालणार असाल तर मागच्या कडेला पट्ट्यात अडकवायचा बटणाचा लूप असतो. विकत घेताना तो दाखवतात, नंतर कोणी लावत नाही.

लेबल आणि आर्मर

विक्रेता ‘सीई जॅकेट आहे’ (सीई म्हणजे युरोपी सुरक्षा नियमांत बसल्याची खूण) म्हणाला की एकच प्रश्न विचारा: सर्टिफाइड जॅकेट आहे की नुसता आर्मर? आर्मर सर्टिफाइड असून बाहेरचं कापड आणि शिलाई कुठेच तपासलेली नाही, अशी जॅकेट भरपूर विकली जातात. पूर्ण कपड्याचं युरोपी मानक ईएन १७०९२. जॅकेटच्या आत शिवलेल्या लेबलवर त्याचा वर्ग असतो: एएए, एए, ए, बी किंवा सी. एएए म्हणजे घासण्याला सर्वात टिकाऊ, पण ही जॅकेट बहुधा जड आणि गरम. मुंबई–गोवा महामार्ग आणि घाट असं मिश्र फिरणं असेल तर एए मिळालं तर उत्तम, जाळीच्या जॅकेटांत बऱ्याचदा ए असतं. बी वर्गात आर्मर नसतो. सी म्हणजे कपड्यांच्या आत घालायची आर्मर लावलेली जाळी, तिच्याकडून घासण्यापासून बचाव होत नाही.

खांदा आणि कोपराचा आर्मर ईएन १६२१-१ मध्ये, पाठीचा १६२१-२ मध्ये. लेव्हल १ आणि २ मधला फरक बारीक नाही. ठरावीक आघात केला की पलीकडे पोचणारा सरासरी जोर हातापायांच्या लेव्हल १ मध्ये ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९. हे सगळं आर्मरवरच उमटवलेलं असतं: मोटरसायकलस्वाराचं चित्र, मानकाचा क्रमांक, लेव्हल, आणि जागेचं अक्षर, खांद्याला एस, कोपराला ई. अंगठ्याने दाबून ‘मऊ आहे, म्हणजे स्पंज’ असं ठरवू नका. डी३ओ या कंपनीच्या आर्मरसारखा चांगला आर्मर हळू दाबला की मऊच लागतो. शिक्का बघा.

पाठीच्या खिशात मात्र खरोखर स्पंज निघू शकतो. ईएन १७०९२ मध्ये पाठीचा प्रोटेक्टर सक्तीचा नाही, त्यामुळे जॅकेटला एए मिळूनही पाठीला नुसती फोमची पट्टी असू शकते. बजेट ठरवताना लेव्हल २ च्या पाठीच्या पॅडचे पैसे बाजूला काढून ठेवा. पॅड मागवण्याआधी खिशाच्या आकाराचा वर्तमानपत्राचा कागद कापून तो खिशात सरकवून बघा. सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद जागेची मापं या कागदावरूनच घ्या.

जाळी, पाऊस आणि खारी हवा

एप्रिल-मेमध्ये दाभोळ–धोपावे फेरीबोटीच्या रांगेत उभं राहिलात की कुठलंही जॅकेट नकोसं होतं, त्याला इलाज नाही. पण चालत्या गाडीवर जाळीचं जॅकेट मापात असलं तर बरंच सुसह्य होतं. हवेत दमटपणा असल्यामुळे घाम वाळायला वारा अंगावरून वाहता हवा. त्यासाठी समोर जाळी आणि मागे बाहेर पडायला वाट, दोन्ही लागतात. समोर व्हेंट आणि पाठ पूर्ण बंद असेल तर आत वारा कोंडतो, जॅकेट फुग्यासारखं फुगतं आणि आर्मर हलायला लागतो. जाळी छातीवर, पाठीवर, बाहीच्या आतल्या बाजूला असावी. खांदा, कोपर आणि पुढच्या हाताची बाहेरची बाजू भक्कम विणीच्या कापडाचीच हवी. बाहेरच्या शिलायांत टाक्यांची एकच ओळ दिसली तर ठेवून द्या.

आत सुती बनियन घालू नका. ते घामाने भिजतं आणि मग जॅकेटचं अस्तर हाताला असं चिकटतं की बाही उलटी होऊन निघते. पातळ फुल बाह्यांचा लायक्रा घाला.

पावसाचा प्रश्न कोकणात वेगळ्या पद्धतीने सोडवावा लागतो. रेन लायनर आत लावला तर तुम्ही कोरडे राहाल, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि जुलैतल्या हवेत रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी ओलंच मिळतं. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या पावसात जाळीच्या जॅकेटावरून घालायचा रेनसूटच बरा. तो जॅकेट अंगात असताना मापून घ्या, बहुधा एक साइझ मोठा लागतो. हात पुढे केल्यावर तो कोपरावर ताणला जात असेल तर आतला आर्मर ओढला जातो. थंडीत पहाटे घाट चढताना हाच रेनसूट वाराही अडवतो, म्हणून थर्मल लायनरवर जास्त पैसे घालवायचं कारण नाही.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी चेनकडे नीट बघावं. धातूचे दात आणि साधे रनर खाऱ्या हवेत पांढरे पडून जाम होतात. जाड प्लॅस्टिकच्या दातांची मुख्य चेन टिकते. प्रेस बटणं गंजतात, त्यामुळे महत्त्वाची जागा नुसत्या बटणावर नको. गोड्या पाण्याने ओला केलेला फडका अधूनमधून चेनवरून फिरवा आणि मेणबत्तीचं मेण घासा.

रंगाचं म्हणाल तर फिकट राखाडी जॅकेट जांभ्याच्या लाल धुळीने एका उन्हाळ्यात तपकिरी होतं आणि ते डाग पुरते जात नाहीत. पूर्ण काळं उन्हात तापतं, आणि धुक्यात समोरच्या ट्रकवाल्याला दिसत नाही. गडद रंगावर निऑन आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, एवढं पुरतं.

दुकानातून की ऑनलाइन

घालून बघता येईल असं दुकान गाठायला कोकणातून बहुतेकांना घाट चढावा लागतो: रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, कणकवलीहून गगनबावड्यामार्गे तेच, नाहीतर सरळ पुणे-मुंबई. जाणार असाल तर स्वतःच्या गाडीनेच जा, म्हणजे दारात गाडीवर बसून वरची सगळी चाचणी होते. दुकानातल्या एसीत पाच मिनिटं घातलेलं जॅकेट सगळ्यांनाच आवडतं.

ऑनलाइन घेणार असाल तर ऑर्डरच्या आधी कंपनीला तुमच्या मापांसोबत एक प्रश्न पाठवा: या साइझमध्ये खांद्याच्या शिलाईपासून कोपराच्या आर्मरच्या मध्यापर्यंत किती सेंटिमीटर? जुन्या जॅकेटवर हेच अंतर मोजून ठेवलं असेल तर तुलना दोन मिनिटांत होते. बदलून द्यायची मुदत आणि परतीच्या कुरिअरचा खर्च कोणाकडे हे आधीच वाचा. गणपतीला गावी यायच्या आठवड्यात मागवू नका. साइझ चुकली तर बदलून येईपर्यंत विसर्जन झालेलं असेल. पार्सल आलं की टॅग न काढता घरातच, उभ्या गाडीवर बसून तपासणी करा. जॅकेट रस्त्यावर नेलं, घाम लागला, की परत घेत नाहीत.

सैल निघालं म्हणून शिंप्याकडून बाजूच्या शिलाया आत घेऊ नका. मूळ शिलाई जाड धाग्याने दोन-तीन ओळींची असते. ती उसवून साध्या धाग्याने एकदा शिवली की पडल्यावर आधी तीच उघडते. शिवाय आर्मरचा खिसा अस्तराला धरलेला असल्याने जागचा सरकतो. नवं वेल्क्रो किंवा जास्तीचा पट्टा वरून लावून घ्यायला हरकत नाही.

पहिल्या फेरीला तीस-चाळीस किलोमीटरचा ओळखीचा रस्ता निवडा, ज्यात थोडा महामार्ग असेल. ताशी ६०-७० च्या वेगाला बाही फडफडत असेल तर थांबून दंडाचे पट्टे आवळा. बोटांना मुंग्या आल्या तर पुढच्या हाताचा पट्टा जास्त घट्ट आहे, तो एक बोट सैल करा. घरी आलात की पट्टा जिथे बरोबर बसला तिथे मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. धुतल्यावर परत बांधताना अंदाज घ्यावा लागत नाही.